वाइड अँगल झूम निवडताना: स्वस्त लेन्स कुठे पुरते, महाग कुठे लागते

मे २०१४ मध्ये कॅननने एकाच वेळी दोन वाइड अँगल झूम, म्हणजे समोरचं रुंद दृश्य फोटोत सामावणाऱ्या लेन्स, जाहीर केल्या. (नावातले ‘मिमी’ म्हणजे फोकल लेन्थ, आकडा लहान तितकं दृश्य रुंद. ‘एफ/’ म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितका प्रकाश जास्त. ‘आयएस’ म्हणजे हाताचं थरथरणं सावरणारं स्टॅबिलायझेशन, आणि ‘एल’ ही कॅननची महाग मालिका.) पहिली ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम, अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर. दुसरी ईएफ १६-३५ मिमी एफ/४ एल आयएस, ११९९ डॉलर. आपापल्या कॅमेऱ्यावर (पहिली लहान सेन्सरच्या, दुसरी मोठ्या सेन्सरच्या) लावल्या की रुंद टोकाला दोन्ही लेन्स जवळजवळ सारखंच दृश्य दाखवतात, साधारण १०८ अंशांचं. २०१६ मध्ये त्याच घराण्यातली १६-३५ मिमी एफ/२.८ एलची तिसरी आवृत्ती आली, ती २१९९ डॉलरला. म्हणजे सर्वांत स्वस्त लेन्सच्या सातपटीहून जास्त. आज मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा, जमाना आहे, मॉडेलं बदलली आहेत, पण ही तीन थरांची उतरंड बहुतेक कंपन्यांकडे तशीच आहे: हलकी, प्लॅस्टिकची, छोट्या अ‍ॅपर्चरची स्वस्त लेन्स, एफ/४ची मधली, आणि एफ/२.८ची जड, महाग.

नव्याने फोटोग्राफी शिकणाऱ्यांना आमचं सांगणं असं की किंमत बघायच्या आधी खालच्या क्रमाने विचार करा. बहुतेकांचं उत्तर पहिल्या दोन पायऱ्यांतच मिळतं.

पहिली पायरी: आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ओळखा

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग. एपीएस-सी सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असतो, त्यामुळे लेन्सने दाखवलेल्या दृश्याच्या कडा कापल्या जातात. कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात फोकल लेन्थला १.६ने गुणायचं, निकॉन, सोनी आणि फुजीच्या कॅमेऱ्यात १.५ने. कॅनन १५००डीसारख्या कॅमेऱ्यावर कुणी हौसेने एल मालिकेची १६-३५ लावली, तर हातात येते साधारण २६-५६ मिमीइतकी दृष्टी. कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये फुकट आलेली १८-५५ जवळपास तेवढंच दाखवते! त्याच कॅमेऱ्यावर स्वस्तातली १०-१८ लावली की खरीखुरी १६ मिमीची रुंदी मिळते.

उलट बाजूनेही अडचण आहे. कॅननची ईएफ-एस लेन्स ५डी किंवा ६डी अशा फुल फ्रेम डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसतच नाही. कॅननच्या फुल फ्रेम मिररलेस आर मालिकेवर ती अ‍ॅडॉप्टरने बसते, पण कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि २० मेगापिक्सेलचे जेमतेम ८ उरतात. तेव्हा आज एपीएस-सी असेल आणि वर्षभरात फुल फ्रेम नक्की घ्यायचा असेल, तर ते आत्ताच हिशेबात धरा. ‘कधीतरी घेऊ’ एवढंच मनात असेल, तर त्या कॅमेऱ्याची लेन्स आज घेऊ नका.

निकॉनवाल्यांसाठी एक खास सूचना. एएफ-पी डीएक्स १०-२० मिमी एफ/४.५-५.६ व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) ही छान स्वस्त लेन्स आहे, वजन फक्त २३० ग्रॅम. पण डी९०, डी७०००, डी५१००, डी३२०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर ती फोकसच होत नाही. डी३३००, डी५३०० यांना आधी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं.

वाइड लेन्स खरंच हवी का, अशी शंका असेल तर एक बिनपैशाची चाचणी आहे. किट लेन्स १८ मिमीवर ठेवा, कॅमेरा उभा धरा, डावीकडून उजवीकडे तीन फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्याचा एक तृतीयांश भाग येऊ द्या आणि संगणकावर जोडा. दूरच्या डोंगररांगांसाठी एवढ्याने भागत असेल, तर खरेदी पुढे ढकला. अरुंद वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, पायाशी फूल आणि मागे अख्खं पठार, अशा फोटोंत हे जोडकाम नीट जमत नाही. तिथे लेन्सच लागते.

दुसरी पायरी: काय टिपणार ते ठरवा

एफ/२.८ आणि एफ/४.५ यांत प्रकाशाचा फरक सुमारे अडीचपट. झूमच्या लांब टोकाला स्वस्त लेन्स एफ/५.६वर जाते, तेव्हा तो चौपट होतो. हा फरक कधी लागतो?

दिवसाउजेडी गडकिल्ले, घाट, समुद्रकिनारा: कधीच नाही. हे फोटो एफ/८ ते एफ/११वरच काढायचे असतात. एवढं अ‍ॅपर्चर बंद केलं की २९९ डॉलरची लेन्सही मध्यभागी कडक तीक्ष्ण असते आणि कोपरे बऱ्यापैकी सुधारतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा, ट्रायपॉडवरून एफ/८ला काढलेला फोटो दोन फुटी छापला, तर स्वस्त की महाग हे ओळखायला कोपऱ्यांत नाक खुपसावं लागेल.

लेणी आणि देवळांचे गाभारे: इथलं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटतं. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते आणि उजेड मंद असतो. एफ/२.८ हवीच असं वाटतं. पण २०१६च्या त्या एफ/२.८ एलमध्ये स्टॅबिलायझेशन नाही, निम्म्या किमतीच्या एफ/४ एलमध्ये आहे. हाताने १६ मिमीवर स्थिर फोटोसाठी स्टॅबिलायझेशनशिवाय १/२० सेकंद धरावा लागतो. स्टॅबिलायझेशन असेल तर १/४ सेकंदही सहज निभतो. शटरने प्रकाश पाचपट मिळाला, अ‍ॅपर्चरने निम्मा गेला, तरी अडीचपट नफा. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र दाणेदार होतं. जिथे महागड्या लेन्सला आयएसओ ३२०० लागतो तिथे एफ/४वालीला साधारण १२५०-१६०० पुरतो. चित्र काही हलत नाही, त्यामुळे संथ शटरचा तोटा शून्य. कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल तर मात्र हा हिशेब बदलतो; मग दोन्ही लेन्सना तोच आधार मिळतो आणि एफ/२.८ पुढे जाते.

माणसं, कमी उजेडात: इथे एफ/२.८चे पैसे वसूल होतात. गणपतीच्या मिरवणुकीतला ढोलवादक किंवा लग्नातली वरात गोठवायला १/१२५ सेकंद तरी हवा, आणि तिथे स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल नाही.

तारे आणि आकाशगंगा: एफ/२.८चा सर्वांत मोठा ग्राहक हाच. १६ मिमीवर साधारण २० सेकंदांपेक्षा जास्त उघडलं तर तारे रेघांसारखे ओढले जातात, म्हणजे शटर वाढवून भरपाई करता येत नाही. एफ/२.८, २० सेकंद, आयएसओ ३२०० ही सुरुवातीची चांगली सेटिंग. तेच एफ/४वर केलं तर आयएसओ ६४००, एफ/४.५वर ८०००च्या पुढे. पावसाळ्याआधी मार्च ते मे या काळात सह्याद्रीत नेमाने रात्री काढणार असाल, तरच एफ/२.८चा विचार करा. वर्षातून एकदा जाणार असाल तर भाड्याने घ्या.

तिसरी पायरी: जास्तीचे पैसे नेमके कशाला जातात ते समजून घ्या

एफ नंबर सोडला, तरी फरक उरतोच. कोपरे हा त्यातला मोठा. वाइड लेन्समध्ये मध्यभाग चांगला करणं सोपं, कोपरे सांभाळणं खर्चिक. त्यासाठी एस्फेरिकल आणि खास काचेची भिंगं लागतात. स्वस्त लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरवर कोपऱ्यात मऊ पडते. ताऱ्यांच्या फोटोत कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, त्याला कोमा म्हणतात. एफ/२.८ आहे म्हणून लेन्स ताऱ्यांसाठी चांगली असेलच असं नाही. कोमा वाईट असेल तर एफ/४ला आणावी लागते आणि पैसे मोजल्याचा फायदाच जातो.

सरळ रेषा वाकणं आणि कोपरे काळवंडणं हे दोष आता बरेचदा सॉफ्टवेअर झाकतं. मिररलेसच्या कित्येक नव्या लेन्स मुळातच तसं धरून बनवलेल्या असतात, महागड्यासुद्धा. कॅननच्या आरएफ १४-३५ एफ/४ एलची कच्ची रॉ फाइल दुरुस्तीविना उघडली, तर १४ मिमीला कोपरे चक्क काळे दिसतात. कॅमेरा चित्र ताणून ते बाहेर ढकलतो. ताणलेल्या भागात तपशील थोडा मरतो, उजळवलेल्या भागात नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. म्हणून दोन लेन्सची तुलना करताना एकीची दुरुस्ती चालू आणि दुसरीची बंद, असं होऊ देऊ नका.

सूर्याचे किरण फुटलेले फोटो ज्यांना आवडतात त्यांनी अ‍ॅपर्चरच्या पात्यांची संख्या बघावी. विषम संख्या असेल तर किरण दुप्पट येतात: १०-१८च्या ७ पात्यांतून १४, दोन्ही १६-३५च्या ९ पात्यांतून १८.

बांधणीत फरक डोळ्यांना दिसतो. १०-१८चं माउंट (कॅमेऱ्याला जोडणारं कडं) प्लॅस्टिकचं आहे, वजन २४० ग्रॅम, १६-३५ एफ/४चं धातूचं, ६१५ ग्रॅम, एफ/२.८ तर ७९० ग्रॅम. प्लॅस्टिक माउंटला लोक उगाच नावं ठेवतात. एवढ्या हलक्या लेन्सवर ताणच येत नाही, आणि गड चढताना गळ्यातलं अर्धा किलो ओझं वाचणं फार मोलाचं आहे. पाऊस-धुळीचं सील ही मात्र महागड्या लेन्सची खरी जमेची बाजू. त्यातही एक मेख: कॅननच्या १६-३५ एल लेन्सचं सील पुढे फिल्टर लावल्याशिवाय पूर्ण होत नाही, कारण पुढचं भिंग फिल्टरच्या कड्याच्या आत पुढे-मागे सरकतं. फिल्टर न लावता पावसात नेली तर सीलचे पैसे फुकट.

फिल्टरचा आकार हा लपलेला खर्च. स्वस्त लेन्सला ६७ मिमी, एफ/४ एलला ७७, एफ/२.८ला ८२. चांगला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आकारागणिक महाग होत जातो. निकॉनच्या जुन्या १४-२४ एफ/२.८चं पुढचं भिंग फुगीर आहे, तिला साधा गोल फिल्टर बसतच नाही. हूडचंही (लेन्सच्या पुढे बसणाऱ्या कडेचं) बघा: कॅनन एल लेन्सबरोबर हूड डब्यातच देतं, १०-१८ला तो वेगळा विकत घ्यावा लागतो. घ्याच. वाइड लेन्समध्ये तो ऊन अडवतो थोडं, पण कातळावर आपटण्यापासून भिंग वाचवतो भरपूर.

चौथी पायरी: आपल्या माउंटची यादी करा

कॅनन आरएफ (मिररलेसचं माउंट), एपीएस-सी: आरएफ-एस १०-१८ एफ/४.५-६.३, वजन अवघं १५० ग्रॅम. एफ/२.८ हवी असेल तर टॅमरॉन ११-२० किंवा सिग्मा १०-१८. दोन्ही सोनीसाठीही मिळतात. फुल फ्रेमवर स्वस्तात १५-३० एफ/४.५-६.३, मध्ये १४-३५ एफ/४ एल, वर १५-३५ एफ/२.८ एल.

सोनी फुल फ्रेम: टॅमरॉन १७-२८ एफ/२.८, ४२० ग्रॅम, ६७ मिमी फिल्टर. एफ/२.८ मिळवायचा हा सर्वांत शहाणा मार्ग. १६ ऐवजी १७ आणि ३५ ऐवजी २८ एवढीच किंमत मोजायची. गिम्बलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) व्हिडिओ करणाऱ्यांनी १६-३५ एफ/४ पीझेड (मोटरने फिरणारी झूम) बघावी, ३५३ ग्रॅम. २०२३ची १६-३५ जीएम (सोनीची सर्वांत वरची मालिका) दुसरी आवृत्ती ५४७ ग्रॅमवर आली आहे, पहिली ६८० होती.

निकॉन झेड: एपीएस-सीवर १२-२८ पीझेड, फुल फ्रेमवर १४-३० एफ/४ आणि तिच्या वर १४-२४ एफ/२.८. यातली १४-३० एवढी रुंद असून साधा ८२ मिमी फिल्टर घेते, ही मोठी सोय.

पाचवी पायरी: घेतल्याबरोबर तपासा

वाइड झूममध्ये एखादं भिंग किंचित तिरकं बसलेलं असणं, म्हणजे डीसेंटरिंग, हा नेहमीचा दोष आहे आणि तो महागड्या लेन्समध्येही निघतो. ऑनलाइन घेतली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. विटांच्या भिंतीचा फोटो काढून निष्कर्ष काढू नका: कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर धरणं घरी जमत नाही, आणि लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र असेल तर चांगली लेन्सही नापास दिसते.

१. गच्चीवर ट्रायपॉड लावा. किमान शंभर मीटर दूरची, ठळक अक्षरांची पाटी किंवा इमारतीच्या खिडक्या निवडा. सकाळची वेळ बरी. दुपारी तापलेली हवा थरथरते.

२. लेन्स सर्वांत रुंद टोकावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद, शटरला दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ.

३. पाटी मधोमध घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका. आता फोकसला हात लावायचा नाही.

४. एक फोटो मधला. मग कॅमेरा फिरवून तीच पाटी एकेका कोपऱ्यात आणा आणि चार फोटो काढा.

५. संगणकावर शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे शेजारी ठेवा.

६. हेच सर्व झूमच्या लांब टोकाला आणि एफ/८वर पुन्हा करा.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सच्या घडणीचा गुण, त्याला इलाज नाही. तीन चांगले आणि एकच पुसट असेल तर लेन्स बदलून मागा. एफ/८वरही तो कोपरा सुधारत नसेल, तर अजिबात ठेवू नका.

जुनी घेत असाल तर आपली बॉडी बरोबर न्या. दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा. बुरशी कोळिष्टकासारख्या तंतूंत दिसते. दोन-चार धुळीचे कण मात्र निरुपद्रवी. मग सर्वांत महत्त्वाचं: अ‍ॅपर्चर एफ/११वर ठेवा आणि झूमच्या प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. झूम लेन्सच्या आत अ‍ॅपर्चरची एक पातळ पट्टीसारखी केबल झूमबरोबर वळते आणि वर्षांनी तुटते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर लेन्स ठणठणीत वाटते, कारण तिथे पाती हलतच नाहीत. एफ/११ला कॅननचा कॅमेरा ‘एरर ०१’ दाखवतो. विक्रेते बहुधा उघड्या अ‍ॅपर्चरवरच दाखवतात, म्हणून हे तुम्हीच करायचं. नवी घेताना बिलावर सीरियल नंबर आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागा. परदेशातून आलेल्या मालाला इथल्या सर्व्हिस सेंटरची वॉरंटी बहुधा लागू होत नाही.

सहावी पायरी: पहिले फोटो

अ‍ॅपर्चर एफ/८. एपीएस-सीवर १० मिमी असेल तर सुमारे ७० सेंमीवर फोकस करा. ३५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर १६ मिमीला हेच अंतर ११० सेंमी, आणि स्पष्टता ५५ सेंमीपासून पुढे. १०-१८सारख्या एसटीएम (फोकसच्या एका मोटरचं नाव) लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात, म्हणून तेवढ्या अंतरावरच्या दगडावर ऑटोफोकस करून मॅन्युअलवर टाका. एफ/१६च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो म्हणून) सगळाच फोटो मऊ होतो.

नवख्यांचे वाइड फोटो रिकामे दिसतात, कारण ते उभ्या उंचीवरून, सगळं दूर असताना काढलेले असतात. खाली बसा, जवळ जा. १०-१८ सेन्सरपासून २२ सेंमीवर फोकस करते, म्हणजे पुढच्या काचेपासून फूल साधारण १० सेंमीवर चालतं. कासच्या पठारावर हीच लेन्स टीचभर फुलालाही फोटोत मोठं दाखवते आणि मागे आकाशही ठेवते. पायवाट सोडून फुलांत मात्र शिरू नका.

इमारतीच्या भिंती आत झुकलेल्या नको असतील तर कॅमेरा वर न उचलता समतल ठेवा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. गटाचा फोटो असेल तर कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. मागे सरका आणि कडेला जागा सोडा. पोलरायझरने निळ्या आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो, तो झाडी आणि ओल्या कातळासाठी राखून ठेवा. धबधब्यासाठी व्हेरिएबल एनडी (प्रकाश कमी-जास्त अडवणारा काळा फिल्टर) घेऊ नका, रुंद टोकाला फोटोवर फुलीसारखी काळी सावली पडते. ठरावीक ६ स्टॉपचा (प्रकाश ६४ पट कमी करणारा) एनडी बरा.

सातवी पायरी: पावसाळ्यात जपा

मुंबई, कोकण आणि गोव्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी, आणि ती दोन लाखांच्या काचेला वेगळी वागणूक देत नाही. हवाबंद प्लॅस्टिक डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने काम होतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग पालटला की मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत भाजून घ्या. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नका, त्या ओल धरतात.

एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास राहू द्या, नाहीतर भिंगावर आतून-बाहेरून वाफ धरते. किनाऱ्यावरून आल्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब कोरड्या फडक्याने घासू नका. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग साध्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने लेन्सची नळी आणि फिल्टर पुसा, आणि पूर्ण सुकल्यावरच डब्यात ठेवा.